गाडीवरचे पाण्याचे हट्टी डाग: बोअरच्या पाण्याच्या आणि मे महिन्याच्या नागपुरात ते कसे काढायचे

नागपुरात कूलर ज्याने लावला त्याला क्षार म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एप्रिलमध्ये कोरी लावलेली खस जूनपर्यंत कडक होते, तिच्यावर पांढरी खरपुडी चढते, आणि टाकीच्या कडेला हात लावला तर चुन्यासारखा भुगा निघतो. गाडीच्या बॉनेटवर दिसणारे गोल पांढरे डाग याच जातीचे. पाणी उडून जातं, त्यात विरघळलेलं जे काही असतं ते मागे राहतं. फरक एवढाच की कूलरची खस दरवर्षी बदलता येते, गाडीचा रंग नाही.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. रंग, प्रायमर सगळं धरून कंपनीचं काम बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतं. पॉलिश किंवा कंपाउंड (त्याहून खरखरीत घासणारी पेस्ट, म्हणजेच रबिंग) मारलं की यातला थोडा भाग कायमचा जातो. डाग काढण्याची सगळी पद्धत या हिशेबावर उभी आहे: आधी विरघळवून बघायचं, मग ओढून काढायचं, आणि घासायचं सगळ्यात शेवटी. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर नेमकं उलटं होतं. डाग दिसला की मुलगा थेट रबिंगचा डबा उघडतो.

डाग कुठल्या जातीचा, ते आधी बघा

गाडी सावलीत आणा, पत्रा थंड होऊ द्या, मोबाइलचा टॉर्च लावून तिरप्या कोनातून बघा. समोरून टॉर्च मारला तर काहीच कळत नाही. प्रकाश पत्र्याला जवळजवळ समांतर गेला पाहिजे. डाग बहुधा भरीव ठिपका नसतो, कडं असतं. थेंब काठाकडून सुकतो आणि क्षार काठाशी जमतात, त्यामुळे कडा जाड आणि मध्यभाग जवळपास स्वच्छ. आता नखाने नाही, बोटाच्या पेराने त्या कड्यावरून हळूच फिरवा. उंचवटा लागला, म्हणजे क्षार वर बसलेत. ही चांगली बातमी.

बोटाला काहीच लागत नाही, पण टॉर्चच्या प्रकाशात कडं स्पष्ट दिसतं, मधला भाग किंचित खोल वाटतो आणि गाडी धुतली तरी तसंच राहतं, तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्लेला आहे. त्या ठिकाणी आता काढायला काही उरलेलंच नाही, खड्डा उरलाय. त्यावर व्हिनेगर कितीही ओता, खड्डा भरून येत नाही.

बहुतेक गाड्यांवर दोन्ही प्रकार एकत्र असतात. टपावर आणि बॉनेटवर खाल्लेले, दारांवर वरवरचे. काळ्या, गडद लाल आणि निळ्या गाडीवर सगळं उघडं पडतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीचे मालक वर्षानुवर्षं निवांत असतात आणि गाडी विकायला काढली की त्यांना कळतं.

थेंब भिंगाचं काम करतो आणि उन्हाने रंग जळतो, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. सपाट पत्र्यावर बसलेल्या थेंबातून गेलेला प्रकाश एकवटतो तो पत्र्याच्या पातळीच्या खाली. रंगावर चटका बसेल अशी जागाच तयार होत नाही. खरी गोष्ट अशी की उन्हात थेंब आटत जातो तसं उरलेल्या पाण्यात क्षारांचं प्रमाण वाढत जातं, आणि त्याच वेळी तापलेला क्लिअर कोट थोडा नरम झालेला असतो. मे महिन्यात हवेचं तापमान ४५ अंशांच्या आसपास असलं की उन्हातला काळा पत्रा त्याहून कितीतरी तापतो, हात टेकवत नाही. त्या अवस्थेत तीव्र होत गेलेलं पाणी त्यावर बसतं.

तुमचं पाणी किती जड आहे

महापालिकेचं नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं, म्हणजे धरणाचं आणि नदीचं. ते बहुधा बोअरपेक्षा हलकं असतं. पण उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्यांच्या टाकीत बोअर मिसळली जाते, आणि गाडी धुवायला तर बारा महिने बोअरचंच पाणी असतं. शहराच्या पश्चिमेला काळा पाषाण आहे, पूर्वेकडे त्याहून जुने ग्नाइससारखे खडक, त्यामुळे धरमपेठेतल्या बोअरवरून वाठोड्याच्या बोअरचा अंदाज बांधू नका. आपलं पाणी आपणच तपासावं.

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो एकूण विरघळलेले पदार्थ मोजतो, फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम नाही, पण आपल्या कामापुरता तो पुरेसा आहे, कारण सुकल्यावर मागे राहणार आहे ते हेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणाचे, म्हणजे नुसत्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे, तसेच आकडे २०० आणि ६००. ही मर्यादा माणसाने प्यायच्या पाण्याची. प्यायला चालणारं ५०० टीडीएसचं पाणीही काळ्या गाडीवर उन्हात सुकलं तर डाग सोडणारच.

आणि हो, आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा, असा सल्ला घरोघरी दिला जातो. पाणी वाचवायचं म्हणून ठीक, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. आरओ गोडं पाणी तुमच्या ग्लासात देतो आणि उरलेले क्षार त्या नळीतून बाहेर टाकतो. ते पाणी फरशी पुसायला घ्या, टायर धुवायला घ्या. रंगावर नको.

सामान

पांढरं व्हिनेगर (बाटलीवर ॲसिटिक ॲसिड ४ ते ५ टक्के लिहिलेलं), किंवा किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, ज्याला इतवारीत लिंबू-सत मागितलं तरी मिळतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटरचा कॅन. कार शॅम्पू, भांड्यांचा साबण नाही. दोन बादल्या, मायक्रोफायबरची चार-पाच फडकी, एक मोठा जाड टॉवेल. क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. रबरी हातमोजे. पॉलिश आणि फोम पॅड लागतील की नाही हे नंतर ठरेल, आधीच विकत घेऊ नका.

न लागणाऱ्या गोष्टींची यादी जास्त महत्त्वाची. टॉयलेट क्लीनर नको, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. टाइल्स घासायचं ॲसिड नको. टूथपेस्ट नको, तिच्यातले कण कुठल्या बारकाईचे आहेत हे कोणाला माहीत? रॉकेलने डाग जात नाही, चकाकी आल्याचा भास होतो. बाजारात ‘वॉटर स्पॉट रिमूव्हर’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्या बहुधा सौम्य आम्लाच्याच असतात आणि चांगलं काम करतात, फक्त लेबल वाचा: हायड्रोफ्लोरिक किंवा बायफ्लोराइड असं काही दिसलं तर बाटली परत ठेवा. ते रसायन काचेला खातं आणि कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत त्रास देतं. घरी हाताळायची वस्तू नाही ती.

पहिलं काम: धुणं

सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत. पत्र्यावर तळहात ठेवा. गरम लागला तर थांबा. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली धूळ उतरवा. आपल्या शहरात ही धूळ साधी नसते. सिमेंट रस्त्यांची कामं, बांधकामं, त्यात कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहत असाल तर राखही. ही तशीच फडक्याखाली घासली की डागांच्या जोडीला ओरखडे फुकट मिळतात. मग एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळूनच शॅम्पूत बुडवायचं. धुऊन झाल्यावर लगेच पुसा. नुसत्या धुण्यानेच ताजे, एक-दोन दिवसांचे डाग बरेचसे निघून जातात.

दुसरं: आम्ल

यावरच सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण बऱ्याच गाड्यांना आम्लानंतर फार काही करावं लागत नाही. निदान वाईट डागांची संख्या तरी इतकी घटते की पुढचं काम हलकं होतं.

व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. सायट्रिक ॲसिड घेतलं असेल तर एक लिटर डिस्टिल्ड वॉटरला २० ग्रॅम. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात किंवा डिकीच्या आतल्या कडेला लावून बघा, रंगाचा पोत बदलत नाही ना. मग एका वेळी एकच भाग: अर्धं बॉनेट, एक दार.

फवारून सोडून देण्याची पद्धत इथे चालत नाही. परदेशातल्या व्हिडिओंत फवारतात आणि पाच मिनिटं थांबतात; नागपूरच्या कोरड्या हवेत ते मिनिटभरात सुकतं आणि आम्लाचेच नवे डाग पडतात. त्यापेक्षा मायक्रोफायबरचं फडकं त्या पाण्यात भिजवा, हलकंच पिळा आणि डागांवर सपाट पसरून ठेवा. ओलं फडकं पत्र्याला चिकटून बसलं पाहिजे, खाली हवेचा फुगा नको. एक ते दोन मिनिटं. फडक्याची एक कड उचलून बघितलीत तर जाड कड्यांवर बारीक बुडबुडे उठताना दिसतील, अगदी कान जवळ नेला तर सूक्ष्म चरचर. हा कॅल्शियम कार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड सुटतोय. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन विरघळलेलं होतं, सुकताना कार्बोनेट होऊन बसलं, आता आम्लाने पुन्हा विरघळतंय.

बुडबुडे थांबले की तेच फडकं न दाबता एका दिशेने ओढून घ्या आणि भरपूर पाण्याने धुवा. पुन्हा टॉर्च. कडं निम्मं पातळ झालं असेल तर आणखी एकदा. दोन-तीन फेऱ्यांच्या पुढे जाऊ नका. बुडबुडेच आले नाहीत आणि डाग तसाच, याची दोन कारणं असू शकतात: एक, तो खड्डा आहे, दुसरं, त्यात सिलिका, म्हणजे वाळूचा आणि काचेचा मूळ घटक, आहे. काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यात सिलिका असते आणि ती व्हिनेगरला भीक घालत नाही. तिच्यासाठी पुढचे टप्पे.

सगळी गाडी झाली की शॅम्पूने पुन्हा एकदा धुवा, आम्लाचा अंश फटींत राहायला नको. क्रोम पट्ट्या, ॲल्युमिनियमचे भाग आणि जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय तिथे आम्ल नको. कोटा किंवा संगमरवरी फरशीवर गाडी उभी करून हे काम करू नका, फरशीसुद्धा चुनखडीच आहे, तीही चरचरेल. आणि ब्लीच, म्हणजे कपड्यांचं किंवा बाथरूमचं, आम्लाच्या आसपासही आणायचं नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो.

या सगळ्यात जुनं वॅक्सही निघून जातं, ते गृहीत धरा.

तिसरं: क्ले

ब्रेडच्या पातळ पिशवीत हात घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवा. पिशवीतून बोटांना खरखर नेहमीपेक्षा जास्त जाणवते. खरखर लागली तर क्ले, नाही लागली तर हा भाग सोडून द्या.

क्लेचा पेढ्याएवढा तुकडा, चपटा केलेला. शॅम्पूचं पाणी भरपूर मारा, घसरता यायला हवं. वजन न देता पुढे-मागे सरळ रेषेत. सुरुवातीला तो अडखळतो, मग सुळकन जायला लागतो. तुकडा दुमडून स्वच्छ बाजू वर आणत राहा. खाली पडला तर टाकून द्या, धुऊन वापरू नका, वाळूचा एक कणही पुरे होतो.

चौथं: पॉलिश, आणि कुठे थांबायचं

इथवर येऊनही कडी दिसत असतील तर ते खड्डे आहेत, आणि खड्डा जायचा तर आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. हे वाक्य दोनदा वाचा आणि मग ठरवा की तुम्हाला प्रत्येक डाग घालवायचाच आहे का. माझं मत विचाराल तर नाही. तीन फुटांवरून दिसत नाही इतपत झालं की थांबावं. उरलेल्या दोन-चार कड्यांसाठी क्लिअर कोट खर्च करणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांची ठेव आज मोडणं.

चार-पाच डाग असतील तर हाताने करा: बारीक पॉलिश, छोटा फोम पॅड, बोटाने नाही, कारण बोटाचा दाब एका जागी पडतो. संपूर्ण बॉनेट असेल तर ड्युअल ॲक्शन मशीन. हे गोल फिरतं आणि डोलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. आधी एका दोन फूट बाय दोन फुटांच्या चौकोनात करून बघा. पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब, मध्यम वेग, हात अगदी सावकाश, आडव्या-उभ्या मिळून चार ते सहा फेऱ्या. पुसा, टॉर्च मारा. सौम्य पॉलिशने भागलं तर कडक कंपाउंडला हात लावायचा नाही. दारांच्या कडा आणि बॉनेटच्या उंचावलेल्या रेषांवर मास्किंग टेप लावा. तिथे क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो.

मॅट फिनिशच्या गाडीला पॉलिश नको, ती चमकायला लागेल आणि ती चमक परत जात नाही. अपघातानंतर रंगवलेला भाग असेल तर त्याचा क्लिअर कोट किती जाड, किती कडक, काही सांगता येत नाही; तिथे जपून. जुन्या एकथरी रंगाच्या गाडीवर फडक्याला गाडीचा रंग लागला तर घाबरू नका, तिच्यावर क्लिअर कोट नाहीच.

पॉलिशचं काम उन्हाळ्यात करू नये. पॉलिश पॅडवरच सुकतं, भुगा उडतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम.

बाहेर करून घेणार असाल तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: भाऊ, मशीन कुठली? पेंटची जाडी मोजायचं मीटर आहे का? आधी एका चौकोनात करून दाखवाल का? नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनने आणि लोकरी पॅडने अनुभवी हात सुंदर काम करतात, पण घाईच्या हाताने तेच केलं की उन्हात गाडीवर जाळ्यासारख्या रेघा फिरताना दिसतात. तिसऱ्या प्रश्नाला कपाळावर आठी आली तर दुसरं दुकान बघा. सॅण्डपेपरचं नाव जिथे सहज निघालं तिथून तर गाडी फिरवाच. २००० किंवा ३००० ग्रिटचा पेपर हे मीटर हातात असलेल्या माणसाचं काम.

काचा

काच रंगापेक्षा खूप कडक, तिला आम्ल जास्त वेळ सोसतं. पाच-दहा मिनिटं ओलं फडकं ठेवलं तरी चालतं, फक्त रबराच्या पट्ट्या आणि खालच्या रंगावर ओघळ जाऊ देऊ नका. त्याने निघाले नाही तर सेरियम ऑक्साइडचं ग्लास पॉलिश. आतून फिल्म असेल तर तिकडे काहीच लावायचं नाही. वायपरची रबरं तपासा, क्षार त्यांच्या धारेत अडकतात आणि मग प्रत्येक फेरीला अर्धगोल रेघ ओढली जाते.

परत येऊ नयेत म्हणून

वॅक्स किंवा सीलंट लावा, दर दोन-तीन महिन्यांनी. त्याने डाग पडणं थांबत नाही, पण क्षार आधी वॅक्सवर बसतात. सिरॅमिक कोटिंगबद्दलही हेच, आणि हे विकणारा सांगत नाही. कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे उंच गोळे होतात. ते उन्हात तसेच सुकले तर क्षार पसरण्याऐवजी एका ठिपक्यात जमतात. कोटिंग असो वा नसो, पुसावंच लागतं.

पुसण्याआधी एक युक्ती. पाइपचं तोंड काढा आणि पाण्याची सलग धार टपावरून सोडा. फवाऱ्याने हजार थेंब बसतात. सलग धारेने पाणी चादरीसारखं एकत्र वाहून जातं आणि मागे फार थोडं उरतं. मग शेवटचे दोन-तीन लिटर डिस्टिल्ड वॉटरचे, फक्त टप, बॉनेट आणि काचांवर. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं असल्याने त्यात क्षार जवळपास नसतात. कापडातून गाळून घ्या. गंमत अशी की मे महिन्यात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हा हवा इतकी कोरडी असते की बादलीत फारसं काही पडत नाही. पावसाळ्यात मात्र रोज भरते. आरसे, दारांची हॅण्डलं, नंबरप्लेट आणि पेट्रोलच्या झाकणात अडकलेलं पाणी दहा मिनिटांनी ओघळतं, तेव्हा पुन्हा एक फडका मारा.

सोसायटीत रोज गाडी पुसणारा असेल तर त्याच्याशी बोला. “साहेब, मी तर रोज पुसतो, तरी डाग कुठून येतात?” असं तो मनापासून विचारेल. एका बादली बोअरच्या पाण्यात, एका फडक्याने, दहा गाड्या, आणि ओल्या सोडलेल्या, हे त्याचं उत्तर. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, त्याला तेवढ्याच वेळाचे पैसे मिळतात. आपल्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर द्या, एक ओला, एक कोरडा, आणि सांगा: “भाऊ, रोज नको, एक दिवसाआड कर, पण कोरडी करून सोड.” थोडे पैसे वाढवून द्या.

उभं करायची जागा बघा. वरच्या मजल्यावरच्या कूलरची टाकी ठिबकत असेल तर त्या खालची जागा सावलीची असली तरी वाईटच. कूलरच्या टाकीत पाणी दिवसभर आटतं आणि वरून पुन्हा भरतात, त्यामुळे तिथे पडणारा थेंब बोअरपेक्षाही जड.

बेसमेंटच्या छतातून किंवा उड्डाणपुलाच्या सांध्यातून ठिबकणारं पाणी याहून वेगळं प्रकरण आहे. ते काँक्रीटमधला चुना घेऊन येतं, तीव्र अल्कलीयुक्त असतं आणि क्लिअर कोट फार लवकर खातं. पांढरा ओघळ दिसला की रविवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवा, व्हिनेगरचं फडकं ठेवा, धुवा. सोसायटीच्या सचिवांकडून त्या जागेखाली पत्र्याची पन्हाळ बसवून घ्या, आणि ती बसेपर्यंत गाडी बाहेर उन्हात ठेवलेली परवडते.